गंजलेली गाडी रंगाला देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यातली, बारा-तेरा वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक. मागच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्याच्या कमानींवर रंगाला फुगे आलेत, पुढच्या दरवाज्याच्या खालच्या कडेतून तांबूस ओघळ येतो, आणि पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग ओलं राहतं. महिन्या-दोन महिन्यांनी चोर्ला घाटातून गोव्याची फेरी असते. बेळगावातला एक मेस्त्री म्हणतो, घासून पुट्टी मारतो, दोन दिवसांत गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो, पत्रा कापल्याशिवाय हात लावणार नाही, पंधरा दिवस लागतील. कोणाचं ऐकायचं, आणि यातलं घरी काय जमेल?

दुसऱ्या मेस्त्रीचं ऐका. पहिला खोटं बोलतोय असं नाही, दोन दिवसांत गाडी खरंच नव्यासारखी दिसेल. पण एक पावसाळा गेला की त्याच जागी फुगे येतील, आणि तोवर कापायचा पत्रा आजच्यापेक्षा मोठा झालेला असेल. कारण हा गंज बाहेरून आत गेलेला नाही, आतून बाहेर आलाय. रंगाच्या बाजूने कितीही घासलं तरी तो हाती लागत नाही.

मागच्या चाकावरची कमान कशी असते बघा. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा, दोघांच्या कडा एकमेकांवर दुमडून स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या. कारखान्यात अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने प्रायमर चढवतात, तरी या दुमडीच्या आत तो नीट पोचतोच असं नाही. चाक तांबडी माती उडवतं, ती दुमडीमागे थापली जाते, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ती माती जून ते सप्टेंबर वाळतच नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. फुगा डोळ्यांना दिसेपर्यंत त्यातला बराचसा खाल्ला गेलेला असतो.

त्यात गोव्याची फेरी. समुद्रकाठच्या हवेतलं आणि वाळूतलं मीठ पत्र्यावर बसतं, हवेतली ओल धरून ठेवतं आणि गंजाचा वेग वाढवतं. वरून गाडी धुतली तरी खाली कोणी पाइप मारत नाही. बेळगावात गोवा किंवा सिंधुदुर्ग पासिंगची जुनी गाडी स्वस्त मिळाली म्हणून लोक खूश होऊन येतात; मी आधी त्यांना गाडीखाली टॉर्च मारायला लावतो.

आधी गाडी किती गेलीय ते स्वतः बघा, त्याला खर्च नाही. बोथट स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि फुग्याच्या मधोमध हाताच्या जोराने दाबा. पत्रा टणक लागला आणि नुसता रंगाचा पापुद्रा निघाला, तर काम घासण्यावर भागेल. टोक आत गेलं किंवा पत्रा कर्रकन दबला, तर तिथे पत्रा उरलेलाच नाही, गंजाचा थर आणि रंग एकमेकांना धरून उभे आहेत. मग फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक कमानीभर फिरवा. जिथे ते सुटून पडेल तिथे आधीच कुणीतरी जाड पुट्टी भरलीय असं समजा.

दरवाज्याचं दुखणं वेगळं. काचेच्या रबरापाशी पाणी दरवाज्यात शिरणारच, तशीच त्याची रचना असते. ते बाहेर पडायला खालच्या कडेला दोन-तीन लांबट भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने, पानांच्या चुऱ्याने बुजली की दरवाजा आतून पाण्याने भरतो. दरवाजा उघडा, खालून बोटाने चाचपा, जुन्या केबलची तार घालून भोकं मोकळी करा. काळ्या चहासारखं पाणी आणि गाळ खाली पडला तर ओघळाचं कारण सापडलं.

मॅटिंगच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त फसतात. वरचं कापड उन्हात वाळवतात, पण त्याच्याखाली जाड फेल्ट असतं आणि ते पाणी धरून बसतं. दरवाज्याखालची प्लास्टिकची पट्टी काढा, मॅटिंग कडेने उचला, फेल्ट मुठीत पिळून बघा. पाणी निघालं तर सीट काढून सगळं बाहेर घ्यावं लागेल. सीटखाली पिवळ्या वेष्टनातल्या एअरबॅगच्या वायरी असतील तर आधी बॅटरी काढा, थोडा वेळ जाऊ द्या, मगच कनेक्टर सोडा. पाणी कुठून येतं ते शोधायला दोन माणसं लागतात: एक आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाणी खालून सुरू करा आणि हळूहळू वर जा. एकदम टपावर सोडलंत तर सगळीकडूनच ओघळ येतील आणि काही कळणार नाही. ड्रायव्हरच्या बाजूला आणि फक्त पावसाळ्यात ओल येत असेल, तर माझा संशय आधी वायपरखालच्या जाळीवर, मग दरवाज्याच्या आतल्या प्लास्टिकच्या कागदावर. जाळीखाली झाडाचा पाला कुजतो, पाण्याची वाट बंद होते आणि ते आत शिरतं. दरवाज्याचा कागद स्पीकर बसवताना फाडलेला असतो, तो परत कुणी चिकटवत नाही. ही गळती बंद झाल्याशिवाय फ्लोअरला प्रायमरचा थेंबही लावू नका.

मॅटिंग काढलंच आहे तर सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात ती जागा, दरवाज्याखालचा बंद डब्यासारखा पट्टा, मागच्या सस्पेन्शनचे माउंट आणि जॅक लावायच्या जागा ठोकून बघा. इथे भोक पडलं असेल तर तो सौंदर्याचा विषय राहत नाही. धडक झाली तर याच जागा माणसाला वाचवतात. तिथे फायबरची पट्टी, पुट्टी, रिव्हेट मारलेला पत्रा यातलं काहीही चालणार नाही. पूर्ण वेल्डिंगच हवं. सस्पेन्शनचे माउंट दोन्ही बाजूंनी सडले असतील, तर मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो की या गाडीत पैसे घालू नका.

आता वेळ. हे काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत उरका. उघड्या पत्र्याचा शत्रू पाऊस तर आहेच, पण त्याहून फसवी आहे न दिसणारी ओल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे. थंडीत सकाळी पत्रा गार असतो आणि त्यावर दव धरतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली ओल पाणी होऊन बसते त्यापेक्षा, निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावं, असा रंगकामातला नियम आहे. मोजायचं यंत्र नसेल तर ओल्या फडक्याचा पुसट पट्टा पत्र्यावर ओढा. पंधरा मिनिटांत तो पूर्ण उडाला नाही तर त्या वेळी प्रायमर नको. थंडीत अकरा ते चार ही वेळ सोन्यासारखी.

कापाकापी आणि वेल्डिंग मेस्त्रीकडेच द्या, पण काय बघायचं ते माहीत असू द्या. गंजाच्या कडेपासून इंचभर पुढे, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापलं पाहिजे. पॅचला २२ गेजचा सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, साधा पत्रा घ्यावा. छपराचा जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा नको, वेल्डिंग करताना त्याचं जस्त जळतं, सांधा सच्छिद्र होतो आणि तो धूर माणसाला ताप आणतो. वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आडोशात तार वितळवून केलेलं. ज्योतीच्या गॅस वेल्डिंगने अख्खं पॅनेल तापतं, लाटा उठतात, आणि त्या लाटा झाकायला मग अर्धा इंच पुट्टी भरतात. सीओटूनेही सरळ रेघ ओढत जायचं नाही. एक टाका इथे, दुसरा समोरच्या कडेला, हात लावण्याइतका पत्रा निवला की तिसरा. घाई झाली की पत्रा वाकतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली हवी, आतलं फेल्ट आणि फोम बाजूला केलेला हवा, आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघितलेलं हवं. मागच्या सीटखाली टाकी असते हे विसरून ठिणग्या उडवणारे कमी नाहीत. पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी असल्याशिवाय मी वेल्डिंग सुरू करू देत नाही.

जिथे पत्रा शाबूत आहे तिथला गंज काढायचं काम घरी जमण्यासारखं आहे. घासण्याआधी पत्रा साबणाने धुवा, वाळवा आणि मग वॅक्स-ग्रीस काढायच्या सॉल्व्हंटने पुसा. हा क्रम उलटा झाला तर जुनं पॉलिश आणि त्यातलं सिलिकॉन हे घासपेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंग मारताना तिथे छोटे खड्डे पडतात. आमचे पेंटर त्याला फिश आय म्हणतात. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे त्या शेडमध्ये उघडूसुद्धा नका. पुसायला दोन फडकी घ्या: एका ओल्याने सॉल्व्हंट लावायचं, दुसऱ्या कोरड्याने ते उडून जायच्या आत टिपायचं. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका, दोन्ही मागे तेलकटपणा ठेवतात.

चार इंची ग्राइंडरला दगडी चाक लावू नका, पाऊण मिलिमीटर पत्रा त्याखाली क्षणात पातळ होतो. जाळीदार स्ट्रिप डिस्क लावा किंवा ८० नंबरची फ्लॅप डिस्क हलक्या हाताने, एका जागी न थांबवता फिरवा. वायर ब्रश पापुद्रे काढायला चांगला, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. तो गंजाला घासून तपकिरी चकाकी आणतो आणि माणसाला वाटतं पत्रा साफ झाला. भिंग घेऊन बघा, बारीक खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके दिसतील. गंज तिथूनच परत उठतो, आणि गोव्याचं मीठही तिथेच लपलेलं असतं. मीठ घासून निघत नाही, पाण्यात विरघळून निघतं. म्हणून अशी जागा गरम गोड्या पाण्याने ब्रशने दोन-तीनदा धुवायची, लगेच हॉट एअर गनने किंवा हेअर ड्रायरने सुकवायची, आणि परत घासायची. हॉट एअर गनचा झोत एका जागी धरू नका, पत्रा कोमट झाला की पुढे सरका.

खड्ड्यांत उरलेल्या ठिपक्यांसाठी रस्ट कन्व्हर्टर आहे. त्यात साधारणपणे फॉस्फोरिक आम्ल असतं, नाहीतर टॅनिक आम्ल. पहिलं गंजाचं फॉस्फेट करतं, दुसरं काळंनिळं टॅनेट. दोन्ही फक्त पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावर चालतात. सुटणाऱ्या पापुद्र्यावर ओतलंत तर वरचा थर काळा होतो आणि खालचा आपलं काम चालू ठेवतो. फॉस्फोरिकवाल्याचं आम्ल पत्र्यावर उरलं तर वरचा एपॉक्सी प्रायमर नीट पिकत नाही, म्हणजे पक्का होत नाही, म्हणून डब्यावर लिहिलंय तसं ते धुऊन, पुसून, सुकवूनच पुढे जा.

ब्रॅकेट, बिजागरी, बोल्ट असे सुटे भाग असतील तर आपल्या भागातला जुना उपाय उत्तम आहे. चिकोडी, संकेश्वरकडे ऊस आणि कारखाने, त्यामुळे उसाची मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा दाट पाक (मोलॅसिस), ठाऊक नाही असा माणूस नाही. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या बादलीत भाग पूर्ण बुडवून ठेवायचे. आठवडा-दोन आठवड्यांत गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. वास येतो, माश्या येतात, म्हणून बादली घरापासून लांब ठेवा. ॲल्युमिनियमचे आणि जस्ताचा मुलामा असलेले भाग त्यात घालू नका. बाहेर काढल्यावर धुऊन लगेच सुकवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा, नाहीतर पाहता पाहता तांबूस छटा येते.

उघड्या पत्र्यावर पहिला थर एपॉक्सी प्रायमरचाच. साधा रेड ऑक्साइड किंवा लॅकर प्रायमर पाणी अडवत नाही, हळूहळू पाझरू देतो. एपॉक्सीचे दोन हात, डब्यावरच्या प्रमाणात हार्डनर, म्हणजे घट्ट करणारा दुसरा भाग, मोजून. काही एपॉक्सी मिसळल्यावर पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यावे लागतात, तेही डब्यावर असतं. एच (etch) प्रायमर, म्हणजे आम्लवाला प्रायमर, मारला असेल तर त्यावर पुट्टी नको. ती धरत नाही. आणि स्प्रे करण्याआधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडा. खालचा कॉक उघडला की दमट दिवसात भांडंभर पाणी निघतं. ते सोडलं नाही तर हवेबरोबर थेट तुमच्या पत्र्यावर जातं.

पुट्टी एपॉक्सीवर भरा, त्याच्या खाली नाही. पत्र्यावर थेट पुट्टी लावणारे चांगले मेस्त्रीही आहेत आणि कोरड्या भागात ते काम टिकतंही, पण पुट्टीतली टाल्क पावडर पाणी ओढते, आणि आपल्या पावसात तिच्याखाली पाणी अडवणारा थर असलेला बरा. एपॉक्सी किती वेळात पुढचा थर घेतो ते डब्यावर लिहिलेलं असतं. ती मुदत उलटली तर पृष्ठभाग घासून मगच पुट्टी. हार्डनर वजनाने साधारण दोन टक्के. थंडीत पुट्टी लवकर वाळावी म्हणून पोरं दुप्पट हार्डनर घालतात, आणि मग महिनाभरात वरच्या रंगावर पिवळट डाग उमटतात. फळीवर पुट्टी मळताना ढवळू नका, दाबून पसरवत मिसळा. ढवळली की हवा जाते आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. जाडी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त लागत असेल तर पुट्टी थांबवा आणि पत्रा परत ठोकून घ्या.

इथे बेळगाव-कोल्हापूरच्या बहुतेक पेंटरांशी माझा वाद आहे. ते पुट्टी पाण्याने घासतात. धूळ उडत नाही, पेपर जास्त चालतो, हात पटकन फिरतो, हे सगळं खरं. पण पुट्टी स्पंजासारखं पाणी पिते, वरून कोरडी दिसते, आणि आत कोंडलेलं पाणी ऊन लागलं की फुगा होऊन वर येतं. कडेचा उघडा पत्रा घासता घासताच गंजतो. पुट्टी कोरडीच घासा: ८० नंबरच्या पेपरने आकार, मग १२० किंवा १५०, मग २४०. हाताने नाही, लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर पेपर लावून, तिरक्या फेऱ्यांनी. बोटांनी घासलं की बोटांच्या खाचा पडतात, त्या प्रायमरमध्ये दिसत नाहीत आणि काळा किंवा लाल रंग चढला की सगळ्या दिसतात. जुन्या रंगाची कड इतकी निमुळती करा की रंग, सर्फेसर (रंगाखालचा सपाट करणारा थर), कारखान्याचा प्रायमर आणि पत्रा यांची रुंद वलयं दिसतील. डोळे मिटून तळहात फिरवा. कड लागली तर अजून घासायचंय.

त्यावर टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, सर्फेसर, दोन-तीन हात. तो वाळला की काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा सगळीकडे मारा आणि ४०० ने ठोकळ्यावर घासा. काळं जिथे राहील तो खड्डा, जिथे एकदम उडेल तो उंचवटा. इथून पुढे पाणी चालेल, कारण पुट्टी आता झाकलेली आहे. पाण्यात ६०० आणि मेटॅलिक रंग असेल तर ८०० पर्यंत जा. कुठे सर्फेसर फुटून पत्रा किंवा पुट्टी दिसली तर ती जागा परत झाका, तशीच पुढे नेऊ नका. जोडांवर पीयू सीलंटही याच टप्प्यात, रंगाच्या आधी.

रंग आणि क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक चकाकीचा थर, रंगाच्या बंद बूथमध्ये करून घ्या. घरच्या अंगणात धूळ बसते एवढंच कारण नाही. टूके सर्फेसर आणि क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं की काहींना कायमचा दमा जडतो, आणि एकदा शरीराने ते मनावर घेतलं की पुढे अगदी थोड्या वासानेही श्वास कोंडतो. आपल्या गॅरेजांत कोवळी पोरं तोंडाला रुमाल बांधून दिवसभर स्प्रे गन चालवतात. रुमाल, कापडी मास्क, धुळीचा मास्क, यातलं काहीही ती वाफ अडवत नाही. बंदिस्त बूथमध्ये बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क हाच खरा उपाय. ते शक्य नसेल तिथे निदान ऑरगॅनिक व्हेपरची ताजी कार्ट्रिज लावलेला घट्ट मास्क, हातमोजे, आणि हवा खेचणारा पंखा. गाडी कुठे द्यायची ते ठरवताना पेंटरच्या तोंडावर काय आहे ते बघा आणि मालकाला विचारा. गिऱ्हाइकं विचारायला लागली तरच हे बदलेल.

रंग वाळला की गाडी घ्यायची घाई करू नका, कारण मूळ रोगावरचं औषध आत्ता द्यायचंय. वेल्डिंगने पॅचच्या मागचा सगळा जुना थर जळलेला असतो. तिथे ब्रश पोचत नाही, म्हणून लांब नळीच्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, मारायचं: कमानीच्या मागे, दरवाज्यांच्या तळात, दरवाज्याखालच्या पट्ट्यात. सांध्यातून वॅक्स झिरपून बाहेर आलं म्हणजे आत पोचलं. ते मारण्याआधी पाणी निघायची भोकं बघून ठेवा आणि मारल्यावर तारेने परत मोकळी करा, नाहीतर वॅक्सनेच ती बुजतील. खालून जळकं ऑइल फवारून घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे, ती मला मान्य नाही. ते सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश फुगवतं, पहिल्या दोन पावसांत धुऊन शेतात, विहिरीत जातं, आणि पुढे कधी तिथे प्रायमर मारायचा झाला तर धरत नाही. काळं अंडरबॉडी कोटिंगही गंज काढल्यावरच. गंजावर मारलेलं कोटिंग ओल कोंडून ठेवतं, आणि पत्रा कुजतोय हे दिसतही नाही.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर मॅटिंग, गळती, भोकं, दरवाज्याची खालची कड आणि फ्लोअरचा वरवरचा गंज घरी करा. दोन्ही कमानी त्या दुसऱ्या मेस्त्रीला द्या, आणि प्रायमर मारायच्या आधी मला उघडा पत्रा बघायचाय असं त्याला आधीच सांगून ठेवा. चांगला मेस्त्री यावर चिडत नाही. नवा रंग महिनाभर वॅक्स-पॉलिशशिवाय मोकळा ठेवा, पहिला आठवडा नुसत्या पाण्याने धुवा. गोव्याहून आलात की दुसऱ्या दिवशी चारही कमानींच्या आतून आणि गाडीखालून गोड्या पाण्याचा पाइप मारा. आणि जुलैत एकदा, मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी, मॅटिंगखाली हात घालून फेल्ट कोरडं आहे ना ते बघा.